शेवंताचा बांधलेला हात

मैत्रिणींनो, बालवाडीच्या प्रशिक्षणात ठरवलेलं, एकीकडून दुसरीकडे जाणारं आपलं फिरतं पत्र आज पाथरीहून माझ्याकडे आलं. आजचंच लिहिते, कारण मन थाऱ्यावर नाही.

बालवाडीत गेरूनं चित्रं काढायची होती. शेवंताची बोटं पोलिओनंतर मिटत नाहीत. म्हणून तिच्या तळव्यावर मऊ चिंधीनं कुंचला बांधला, सैलसर. तिनं पहिल्यांदाच रेघ ओढली. बाकीची मुलं ओरडली, "बाई, आमाला बी बांधा!"

तेवढ्यात तिची आई दारात आली. "काय गुन्हा केला वो बाई पोरीनं? हात कामून बांधला?"

"शिक्षा नाही हो, कुंचला धरता यावा म्हणून..."

"आधीच अधू हाय तो हात!" तिनं दातांनी गाठ सोडली. शेवंता तेव्हा रडायला लागली. आईला वाटलं, हात दुखला. मला वाटतं, कुंचला गेला म्हणून रडली. पण हे मी सिद्ध करू शकत नाही. आई तिला उचलून घेऊन गेली.

उद्या तिला पाठवतील का? तुम्ही काय केलं असतं, जरूर लिहा. पण तुमच्या उत्तरापर्यंत थांबता येणार नाही. आता कुंचला आणि चिंधी घेऊन त्यांच्या घरी निघालेय. या वेळी आईनंच बांधावं, असं म्हणणार आहे. दार उघडलं तर.