काशीचा पुष्कराज

गिऱ्हाइकाला खडा दाखवण्याआधी बन्सीशेट एक मोठा सुस्कारा सोडत. अमरावतीच्या बाजारात माझं कापडाचं दुकान त्यांच्या दुकानाला भिंतीला भिंत लागून होतं, त्यामुळे तो सुस्कारा माझ्या अंगवळणी पडला होता.

तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या, मग माणसांच्या बोटांना खडे नकोत का? बन्सीशेटांकडे ‘सुनेला’ नावाचा खडा असे, म्हणजे पिवळा स्फटिक. व्यापारी त्याला ‘काशीचा पुष्कराज’ म्हणत. नावाआधी गाव लागलं की माल अस्सल नाही, हे आम्हां दुकानदारांना ठाऊक. पण गिऱ्हाइकाला वाटे, काशीचा म्हणजे पुष्कराजातही वरचा. शेट आधी समजावून सांगत. गिऱ्हाईक उठून दुसरीकडे जाई आणि तोच खडा त्याच नावानं घेई. शेवटी त्यांनी नाद सोडला.

“दगडाले आपलं नाव मालूम नसते, भाऊ,” ते मला म्हणत. “नाव माणसालेच लागते.”

एके दुपारी चांदूर बाजारची सखूबाई आली. भाजीचा मळा करणारी बाई. तिचं लेकरू कधीचं तापानं फणफणलेलं, आणि जोशीबुवांनी त्याच्या बोटात पुष्कराज घालायला सांगितलेला. “माह्या भावानं नेला तसा काशीचा द्या,” ती म्हणाली.

शेटांनी सुस्कारा सोडलाच नाही. आत जाऊन कापसात गुंडाळलेला एक खडा घेऊन आले. लहानसा, फिका, ताकाच्या निवळीच्या रंगाचा.

“हा खरा हाये, बाई. काशीचा म्हणते तो निरा स्फटिक. लेकराचा सवाल हाये, हाच ने. त्याच भावात देतो.”

तिनं दोन्ही खडे तळहातावर घेतले. सुनेला टपोरा, झळझळीत. तिची नजर बदलली.

“आमी खेड्यातले म्हणून हा फिक्का मले देऊन राह्यले का?”

“ऐक तं, बाई...”

“माह्यं पोट्टं मरून राह्यलं, शेट. मले फसवू नोका.”

शेटांनी सुनेला पुडीत बांधून दिला.

पोरगा वाचला. सखूबाई त्याला घेऊनच आली. वाळला होता, पण आपल्या पायांनी चालत होता. ओट्यावर टोपलीभर वांगी ठेवून ती शेटांच्या पाया पडली. शेटांनी पोराच्या कपाळाला हात लावला तो कितीतरी वेळ काढला नाही. पुढे चांदूरचं निम्मं गाव काशीचा पुष्कराज मागत आलं.

लढाई संपली, कापूस कोसळला. शेट दुकान आवरून अकोल्याला निघाले. बांधाबांध करताना तो फिका खडा दिसला. मी थट्टेनं म्हणालो, “सखूबाईनं नेला असता तर हे ओझं तरी कमी झालं असतं.”

“नेला असता तं बरंच झालं असतं,” ते म्हणाले. “माह्या चंपीच्या बोटात होता. तापातच गेली पोरगी. म्याच काढून घेतला.”

इतक्या वर्षांत त्यांना मुलगी होती हे मला कळलं नव्हतं. माझी मलाच लाज वाटली. “मग तिला जो पावला नाही, तो सखूबाईला का देत होता?”

शेटांनी खडा पुन्हा कापसात गुंडाळला.

“खरं म्हणावं असं माह्यापाशी तेवढंच होतं, भाऊ.”