चाचांची कानस

लोखंडाच्या बाबतीत सख्ख्या भावाच्या शब्दावरही विश्वास ठेवायचा नाही, हे व्रत गोंडपिपरीच्या आमच्या लेथवाल्या चाचांनी उभा जन्म पाळलं. गिऱ्हाईक दारात आलं की सलाम नाही, चहा नाही. त्याच्या हातातला तुकडा ओढून घ्यायचे आणि डोळे मिटून त्यावर कानस फिरवायचे. कानस खरखरत धरली तर लोखंड नरम, सर्रकन घसरली तर कडक. कडक लोखंड लेथवर ते तासणाऱ्या टूलची धार जाळतं, म्हणून लेथ हळू चालवायची. फार नरमही त्यांना खपत नसे. "ॲल्युमिनियम टूलले चिकटते, पाहुण्यासारखं. उठतच नाई," म्हणायचे. घरी चाचींच्या तिळाच्या लाडवावरही आधी नख मारून बघत, मगच दात लावत. चाची चिडून आत निघून जात.

एकदा ऐन धान निघायच्या दिवसांत माझ्या राइस मिलचा शाफ्ट तुटला. ओट्यावर धानाची पोती आणि पोत्यांवर त्यांचे मालक बसलेले. घाईत मी शाफ्ट वेल्डिंग करून जोडला, लवकर थंड व्हावा म्हणून वर बादलीभर पाणी ओतलं आणि जोड गोल करून घ्यायला चाचांकडे पळालो. कानस सर्रकन घसरली.

"पाणी टाकलं काय?"

"नाई चाचा."

"मंग हे कडक काऊन झालं? माह्या टूलचं तोंड जाळून राह्यला तू!"

मी कबूल केलं. चाचांनी जोड भट्टीत लाल केला आणि हळूहळू निवायला धानाच्या तुसाच्या गरम राखेत पुरला. उद्या ये म्हणाले. लोक खोळंबलेत, मी गयावया केली.

"घाईनंच कडक झालं. आता घाईनं नरम होईन काय?"

दुसऱ्या दिवशी कानस खरखरत धरली आणि दुपारी मिल सुरू झाली.

यंदा तोच शाफ्ट पुन्हा तुटला. या वेळी पाणी नाही. वेल्डिंगनंतर राखेत ठेवूनच नेला. चाचांना आता ऐकू येत नाही, बोटंही बधिर झालीत, हे चाचींनी दारातच हळू सांगितलं. चाचांनी डोळे मिटून कानस फिरवली. पुन्हा फिरवली. मग त्यांनी कानस माझ्या हातात दिली. मी घासून पाहिलं.

"धरते काय?"

"धरते, चाचा!" मी मान हलवत ओरडून सांगितलं.

त्यांनी एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्या शब्दावर त्यांनी लेथ सुरू केली.