मैनेला सुई लागली ती वेळ

त्या वर्षी आमची तुकडी इंदूरजवळच्या महूला होती. महू माझं जन्मगाव. आजोबा पलटणीत होते, वडील कॅन्टोन्मेंटच्या शाळेत शिपाई होते आणि मी वेटरनरी विभागात नर्सिंग हवालदार. बंदूक चालवायला शिकलो तेवढीच, बाकी सगळी नोकरी घोडे, खेचरं आणि कुत्र्यांची मलमपट्टी करण्यात गेली. लोक विचारतात, फौजेत होतात तर लढाई पाहिली का. मी नाही म्हणतो. मग त्यांचा चेहरा पडतो आणि विषय बदलतो. जे पाहिलं ते आज सांगतो.

फौजेत दोन गोष्टी वेळेवर लागतात, चहा आणि रिपोर्ट. चहा उशिरा आला तर माणूस कुरकुर करतो, रिपोर्ट उशिरा आला तर त्याची साहेबांसमोर पेशी होते. सकाळी पाचला तबेला, सहाला मालिश आणि खरारा, सातला आजारी जनावरांची परेड. प्रत्येक ठिकाणी शेवटी एकच वाक्य बोलायचं, "सर, सब ठीक." वीस वर्षं हे वाक्य बोलल्यावर ते तोंडातून आपोआप येतं. कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी हेच म्हटलं असतं.

वर्षातून एकदा आम्ही आसपासच्या गावांत जनावरांचं मोफत शिबिर घ्यायचो. त्या खेपेला सिमरोल होतं. आदल्या संध्याकाळी आमचे साहेब, कॅप्टन नायर, यांनी सगळ्यांना उभं करून नियम सांगितले. लस टोचल्यावर प्रत्येक जनावर अर्धा तास नजरेखाली राहील. लसीची रिअ‍ॅक्शन आली तर द्यायच्या औषधांची, म्हणजे इमर्जन्सीची पेटी जिप्सीत राहील आणि जिप्सी रांगेच्या टोकाला उभी राहील. शेवटच्या जनावराचा अर्धा तास पुरा झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. कोणाला शंका नव्हती. हे नियम साहेबांपेक्षा मला जास्त पाठ होते.

सकाळी नऊला शाळेच्या मैदानात रांग लागली. घोडे, खेचरं, दोन-चार गाढवं. मी टोचायचो, साहेब दुसऱ्या टोकाला आजारी जनावरं बघायचे. बाराला महूहून ब्रिगेडियर साहेब येणार होते. आम्ही त्यांना बडे साहेब म्हणायचो. मंडप घातला होता, खुर्च्यांना पांढरे कपडे घातले होते.

शेवटी एक पांढरी घोडी आली. अंगावर डाग नाही, आयाळीला तेल लावून वेण्या घातलेल्या. नाव मैना, वय नऊ. तिच्याबरोबर नवरा-बायको होते. जुन्या इंदूरचे जगदाळे काका-काकू. काकांचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते, हे त्यांनी मला पहिल्या मिनिटातच सांगून टाकलं. पागा गेली, पण घरात एक तरी घोडी असलीच पाहिजे हा हट्ट राहिला. लग्नसराईत मैना नवरदेव घेऊन मिरवायची आणि सीझन संपला की सिमरोलला काकांच्या मेव्हण्याच्या शेतात राहायची. शिबिराचं कळलं म्हणून दोघं इंदूरहून सकाळच्या बसने आले होते.

मी फॉर्म भरायला घेतला. त्यात एक प्रश्न असतो, आधीच्या लसीचा काही त्रास झाला होता का.

काकू म्हणाल्या, "मागच्या बारी सुई लागली ना, तर मानेवर जरासे चट्टे..."

"अगं तू चूप बैस ना," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळून ताठ उभे राहिले. "काही नाही हवालदारजी. एकदम फिट आहे. फौजेसमोर आणलीय, अशीच थोडी आणली असती? तुम्ही लावा बिनधास्त."

मी काकूंकडे पाहिलं. त्या गप्प झाल्या होत्या. मी त्यांना पुन्हा विचारायला हवं होतं. माझ्या मनात मंडप होता आणि बारा वाजायचे होते. मी "नाही"वर खूण केली.

तेवढ्यात मधल्या सुट्टीची घंटा झाली. पोरं घोडी बघायला धावत आली. त्यांना मागे सारण्यात काही मिनिटं गेली. मग मी मैनेच्या मानेत धनुर्वाताची लस टोचली. मनगटावर घड्याळ पाहिलं. अकरा चोवीस. रजिस्टरमध्ये वेळ लिहायची जागा होती, पण पोरांच्या गर्दीत पेन कुठे ठेवलं ते सापडेना. नंतर लिहू म्हटलं.

अकरा चाळीसला सेट वाजला. मैदान लांब होतं आणि मोबाईलला रेंज नव्हती म्हणून वॉकी-टॉकी घेतले होते. अल्फा म्हणजे साहेब, चार्ली मी.

"अल्फा टू चार्ली. लाइन की रिपोर्ट? ओव्हर."

मी मैनेकडे पाहिलं. कान उभे होते. काकूंच्या पदराशी तोंड घालून ती गूळ शोधत होती. सोळा मिनिटं झाली होती.

"चार्ली टू अल्फा. सर, सब ठीक. ओव्हर."

"लास्ट जानवर का टाइम पूरा? बडे साहब को हायवे से लाना है. गाड़ी छोड़ दूँ?"

"छोड़ दीजिए, सर."

जिप्सी फाटकातून बाहेर पडली. मी ती जाताना पाहिली. मागच्या सीटखाली पेटी होती, हेही मला माहीत होतं. हात वर केला असता तर ड्रायव्हर थांबला असता. चौदा मिनिटांत काय होणार आहे, असं मी मनात म्हटलं आणि टेबल आवरायला लागलो.

अकरा सत्तेचाळीसला काकूंनी हाक मारली. "हवालदारजी, हिला बघा ना जरा. मानेवर काय उठलंय?"

मानेवर, छातीवर लाडवाएवढ्या गाठी उठल्या होत्या. मी हात लावला तर कातडी घामाने ओली. नाकपुड्या फाकल्या होत्या. हिरड्या बघितल्या, त्यांचा रंग गेला होता.

"चार्ली टू अल्फा. घोड़ी को रिएक्शन. पेटी चाहिए. गाड़ी वापस. ओव्हर."

"गाड़ी हायवे पर है. आठ-दस मिनट."

"सर, इतना टाइम नहीं है."

साहेब स्वतः धावत येताना दिसले.

अकरा एकावन्नला मैनेचे मागचे पाय गेले. ती आधी बसली, मग कुशीवर पडली. मी तिची मान सरळ ताणून धरली, जीभ बाजूला ओढली. याहून जास्त माझ्या हातात काही नव्हतं. बारा रुपयांची अ‍ॅड्रेनलिनची अँप्युल लागत होती आणि ती हायवेवर फिरत होती. काकू जमिनीवर बसल्या आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. "मैने, ए मैने, मी आहे ना इकडे," एवढंच त्या म्हणत होत्या. काका उभेच होते. त्यांच्या हातात लगाम होता आणि त्यांनी तो ओढून धरला होता, घोडी उभी असल्यासारखा.

जिप्सी अकरा अठ्ठावन्नला आली. साहेबांनी अ‍ॅड्रेनलिन दिलं. थोडा श्वास आला. पुन्हा दिलं. बारा वाजून सहा मिनिटांनी मैनेचं हृदय थांबलं. साहेबांनी स्टेथोस्कोप काढला आणि माझ्याकडे न बघता उठले. बडे साहेब आले होते. ते मंडपात गेले नाहीत. टोपी काढून घोडीजवळ उभे राहिले.

आता ओरडा होणार, लोक जमणार, असं मला वाटत होतं. तशी तयारी मी केली होती. पण जगदाळे काका कॅप्टनसाहेबांसमोर गेले, टाचा जोडल्या आणि म्हणाले, "साहेब, या हवालदारांची काही गलती नाही. यांनी मला विचारलं होतं. मीच खोटं बोललो. माझी घोडी मीच मारली."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी दोन पावलांवर उभा होतो. बोलायची वेळ तीच होती. मी सावधान उभा राहिलो आणि गप्प बसलो.

मैनेला मेव्हण्याच्या शेतात पुरलं. खड्डा आमच्या जवानांनी खणला. काकूंनी तिच्या वेण्या सोडल्या आणि आयाळ विंचरली. कोणी घाई केली नाही.

परत महूला आल्यावर रजिस्टर जमा करायचं होतं. शेवटच्या ओळीत वेळेची जागा रिकामी होती. मी पेन घेतलं आणि लिहिलं, अकरा आठ. अकरा आठला टोचली तर अकरा अडतीसला अर्धा तास पुरा होतो. मग अकरा चाळीसचा रिपोर्ट खरा ठरतो आणि रिअ‍ॅक्शन उशिरा आलेली ठरते. चार आकडे लिहायला किती वेळ लागतो? चौकशी झाली. काकांनी सहीनिशी जबाब दिला की हवालदारांनी विचारलं होतं आणि आपणच त्रास लपवला. कागद स्वच्छ होते. अहवालाची एक प्रत काकांच्या घरी गेली. पुढच्या वर्षी माझी पेन्शन झाली, पार्टीत साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं की या माणसाचा रिपोर्ट डोळे मिटून घ्यावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला जेवण गेलं नाही.

घरी बसल्यावर अकरा चोवीस पाठ सोडेना. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला काय सांगता? ज्यांना सांगायचं त्यांना जाऊन सांगा." ती बरोबर बोलत होती आणि तरी मी आणखी दोन वर्षं घालवली. कधी गुडघा दुखत होता, कधी पाऊस होता. खरं म्हणजे मी घाबरत होतो. लढाई न पाहिलेला फौजी एका म्हाताऱ्या माणसाच्या दाराला घाबरत होता.

शेवटी या मार्चमध्ये बसने गेलो. जुन्या इंदूरमध्ये जगदाळ्यांचं घर विचारत गेलो तर किराणावाला म्हणाला, "भिया, काका तर गेले ना. तीन महिने झाले. काकू आहेत, जा तुम्ही."

मी तिथूनच परत फिरणार होतो. मग पुढे गेलो.

काकूंनी मला ओळखलं. पाणी दिलं. बाजूला घोडीची जागा होती, धुतलेली, रिकामी. भिंतीवर खिळ्याला मैनेचा लगाम आणि त्याच्या वर काकांचा फोटो. मी खुर्चीवर बसलो नाही. उभं राहूनच सगळं सांगितलं. सुई अकरा चोवीसला लागली. सोळा मिनिटांत मी सब ठीक म्हणालो. गाडी माझ्या शब्दावर गेली, पेटी तिच्यात होती. नंतर मी अकरा आठ लिहिलं. काकांनी चट्टे लपवले ते खरं, पण पेटी जागेवर असती तर मैना बहुतेक वाचली असती. तिला मी मारलं.

काकू ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?" मी विचारलं.

"तुमचा कागद आला ना घरी, त्यात अकरा आठ लिहिलं होतं. मी ह्यांना म्हटलं, सुई तर घंटा झाल्यावर लागली. पोरं आली होती बघायला, मग लागली. शाळेची घंटा सव्वा अकराला होते. माझं माहेर आहे सिमरोल, मी त्याच शाळेत शिकले. मग अकरा आठला कशी लागेल?"

"काका काय म्हणाले?"

"म्हणाले, फौजी माणूस खोटं नाही लिहीत. तूच गडबड करून राहिली." त्या फोटोकडे बघत होत्या. "मग मी चूप बसले. तिथे पण चूप बसवलं होतं, इथे पण बसले. ते रोज त्या जागेत जाऊन झाडू मारायचे. घोडी नाही, लीद नाही, तरी झाडू. रात्री जेवताना म्हणायचे, मी बोललो असतो तर ती असती. दवाखान्यात होते तेव्हा पण हेच. तुम्ही थोडे आधी आला असता ना हवालदारजी, तर त्यांनी ऐकलं असतं. माझं नाही ऐकलं. तुमचं ऐकलं असतं."

आयुष्यात मी शिव्या खाल्ल्या आहेत, पाठीवर ओझं घेऊन शिक्षेची पॅक ड्रिल काढली आहे, एका खेचराच्या लाथेने बरगड्या मोडून घेतल्या आहेत. त्या बाईने आवाजही चढवला नाही आणि ते सगळं फिकं पडलं.

त्या आत गेल्या आणि तो कागद घेऊन आल्या. घड्यांवर फाटायला आला होता. सोबत पेन आणलं. "बरोबर करून द्या," म्हणाल्या.

मी अकरा आठ खोडलं, अकरा चोवीस लिहिलं आणि बाजूला सही केली. कागद उलटा करून मागे लिहिलं: मैना, पांढरी घोडी, वय नऊ, मृत्यू बारा वाजून सहा मिनिटं. मालकाचा दोष नाही. हवालदाराने अर्धा तास पुरा केला नाही. खाली नाव, नंबर, रँक. काकूंनी तो वाचला, पुन्हा वाचला आणि फोटोच्या चौकटीत खालच्या बाजूला खोचून ठेवला. मी मागे लिहिलेली बाजू फोटोतल्या काकांकडे होती.

मी टोपी उचलली. साडेचारची बस होती. दारापर्यंत गेलो तेव्हा त्या म्हणाल्या, "बसा."

"काकू, बस आहे माझी..."

"अर्धा तास बसा. त्या दिवशी नाही ना बसलात."

मी परत आलो. घोडीच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून खुर्ची ठेवली होती, काकांचीच असावी. काकू उंबऱ्यावर बसल्या. मी घड्याळ पाहिलं, चार वाजून दहा मिनिटं झाली होती. चार चाळीसपर्यंत मी जागेवरून हललो नाही.