खोतकाकांची कात्री

खोतकाकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते फरशीवर मांडी घालून बसले होते आणि साहेबांचा प्रोग्राम कात्रीनं कापत होते. सांगलीच्या कार्यालयातला माझा तो पहिला दिवस. आणीबाणी नुकतीच उठली होती, इंजिनिअरिंगचा निकाल हातात पडला होता आणि दिवाळीच्या आधी मी नोकरीवर हजर झाले होते. यंत्राच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या, खोलीभर छापील कागदाच्या पट्ट्या पसरल्या होत्या. मधोमध चाळिशी ओलांडलेले हे गृहस्थ, कडक इस्त्रीचा शर्ट, कानावर लाल पेन्सिल. मला वाटलं, रद्दी निवडत असतील.

"काका, कसल्या पट्ट्या ह्या?"

"कुणाचं कुणावाचून अडतंय ते बघतोय," मान वर न करता ते म्हणाले. "तुमी नव्या बाई व्हय? जरा जपून या. पायाखाली घड्याळ हाय."

मी दचकून पाय उचलला. खाली वीतभर कागद होता आणि त्यावर यंत्राला वेळ मोजायला लावणाऱ्या तीसेक ओळी होत्या.

यशवंत खोत मूळचे आष्ट्याचे. सतरा वर्षं सैन्यात वायरलेसवर काढून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आमच्याकडे तंत्रज्ञ म्हणून लागले. पदवी नाही, मॅट्रिकही पलटणीत असताना दिलेली. यंत्राच्या दुरुस्त्या करता करता प्रोग्राम वाचायला शिकले. "मला लिवता येत न्हाई बाई, पण वाचता येतं," असं म्हणायचे. पहिला महिनाभर मला तो विनय वाटला. मग कळलं की आमच्या कार्यालयात लिहिणारे पुष्कळ होते, वाचणारे हे एकटेच.

आमचं काम असं होतं. सातारच्या घाटात ठिकठिकाणी पर्जन्यमापकं आणि नदीकाठी पातळी मोजणारी उपकरणं होती. त्यांचे आकडे वायरलेसवरून एका यंत्रात यायचे आणि पाणी चढायच्या बेतात असलं की यंत्रानं घंटा वाजवायची. असं पहिलं यंत्र हमरस्त्यालगत उंब्रजला बसायचं होतं. कपाटाएवढं ते धूड, पण त्याच्या स्मरणात मावायचे जेमतेम आठ हजार शब्द; एका शब्दात एक आज्ञा किंवा एक आकडा. त्यातली साडेपाच हजारांची जागा एकटा मुख्य प्रोग्राम खायचा. आलेला आकडा घेणं, घड्याळ सांभाळणं, टंकयंत्रावर छापणं, घंटा वाजवणं, ही सगळी कामं ज्याच्या त्याच्या वेळेला झालीच पाहिजेत अशी व्यवस्था तो बघायचा. आमचे प्रमुख बर्वे साहेब. त्यांनी तो तीन वर्षं खपून लिहिला होता.

उरलेल्या जागेत सगळ्या नद्या बसेनात. तेव्हा साहेबांनी ठरवलं की यंदा यंत्र फक्त कृष्णेवर लक्ष ठेवील, उंब्रजजवळ तिला मिळणारी धाकटी नदी पुढच्या वर्षी बघू. त्या नदीच्या काठी सखलात एक वस्ती होती. मी येण्याआधीच हे ज्या बैठकीत ठरलं, तिथं खोतकाका शेवटच्या खुर्चीवर होते. ते उठून म्हणाले, "सायेब, जागा न्हाई म्हणून सामान कमी करायचं, का माणसं?"

"खोत, त्यातलं काहीही काढता येणार नाही. सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे," साहेब शांतपणे म्हणाले.

"व्हय, पर किती गुंतलंय त्ये बघू का? एक छापील प्रत द्या मला."

साहेबांनी दिली. त्या प्रतीलाच कात्री लागली होती.

मला त्यांच्या हाताखाली दिलं. पदवीधर मुलीला हवालदाराच्या हाताखाली, म्हणून मी घरी जरा कुरकुर केली. आठवडाभरात ती थांबली. प्रोग्रामचे दीडशेवर तुकडे झाले होते, त्यातले शेवटचे काही मी कापलेले. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, हा कुणाला हाक मारतो आणि ह्याला कोण हाक मारतं. मूळ प्रोग्राम एकसंध होता. त्यातलं एक काम मागितलं तरी अख्खा गठ्ठा यंत्रात चढायचा. काकांचं म्हणणं साधं होतं. तुकडे सुटे ठेवा, मग जोडणी करताना मागितले तेवढेच येतील.

पण सुटे करणं सोपं नव्हतं. घड्याळाला काही चूक आढळली तर ती सांगायला मजकूर छापणारा तुकडा लागे. त्याला तारीख जुळवणारा लागे, आणि तारखेला भागाकार करणारा. "बघा," काका पट्ट्या ओळीनं मांडत म्हणाले, "एक पाव्हणा जेवाया बोलावला आन् सगळी भावकी पंगतीला." त्यांनी उपाय काढला की चूक झाली तर यंत्रानं नुसता आकडा छापायचा. "आकडा कळला की बाकीचं आमी वहीत बघतो. यंत्राला एवढं बोलायची काय गरज हाय?"

सांगलीच्या यंत्राला भोकं पाडलेली कार्डं वाचणारं उपकरण होतं, उंब्रजच्या यंत्राला ते नसणारच होतं. तरी त्याचा भलामोठा तुकडा उंब्रजला निघाला होता, कारण सगळ्या उपकरणांच्या एका सामाईक यादीत त्याचं नाव होतं. काकांनी ती यादीच मुख्य प्रोग्रामातून बाहेर काढली. जिथं यंत्र बसेल त्या ठाण्यानं आपली यादी करायची. "ज्याच्या गोठ्यात म्हस न्हाई, त्यानं दावं कशाला ठेवायचं?"

मार्गशीर्षातल्या एका दुपारी डबा खाताना मी त्यांना विचारलं, की साहेबांनी एवढं ठरवून टाकलं असताना तुम्ही इतका हट्ट का धरलात. त्यांनी भाकरीचा घास तसाच ठेवला.

"मी सरहद्दीवर होतो तवा मालकिणीचं बाळंतपण अडलं. म्हाताऱ्यानं तार केली. ती तार पलटणीच्या मागं मागं फिरत मला नवव्या दिवशी मिळाली. मी दुसऱ्यांचे निरोप पोचवायच्या कामावर होतो बघा. घरी पोचलो तर पाळण्यात पोरगी तेवढी होती." त्यांनी डबा बाजूला सारला. मग म्हणाले, "उशिरा आलेला निरोप हा निरोप नसतोय, बाई. ती नुसती बातमी."

एवढंच. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, मीही काढला नाही.

वैशाखाच्या सुमाराला सुट्या तुकड्यांची जोडणी झाली. साडेपाच हजारांचा प्रोग्राम साडेतीन हजारांच्या आत आला. धाकटी नदी बसली, वर थोडी जागा उरली. साहेब स्वतः येऊन टंकयंत्रावरचे आकडे दोनदा बघून गेले. मी आनंदानं पेढे आणले.

पेढे संपायच्या आत यंत्र गप्प झालं. दोन तास नीट चालायचं आणि मग घड्याळासकट थांबायचं. पुन्हा सुरू केलं की कधी तासानं, कधी चार तासांनी तेच. आठ दिवस आम्ही शोधत होतो. साहेब रागावले नाहीत, पण म्हणाले, "खोत, पाऊस तोंडावर आहे. परवापर्यंत सापडलं तर ठीक, नाहीतर जुनाच प्रोग्राम उंब्रजला जाईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी मला समोर बसवलं. "तुमी कापलेले तुकडे मोठ्यांदा वाचा. पयल्या ओळीपासनं."

मी वाचत गेले. आलेला आकडा साठवणारा तुकडा वाचून संपवला तेव्हा ते म्हणाले, "फुडं?"

"पुढं काही नाही. संपला."

"परत फिर असं कुठं म्हणलंय त्याला?"

मी पाहिलं. कुठंच म्हटलं नव्हतं. मूळ प्रतीत त्या तुकड्याच्या लगेच खाली दुसरा तुकडा होता आणि काम आपोआप वरून खाली ओघळत जाऊन त्याच्याच 'परत फिर'नं मागं वळायचं. मी त्या दोघांच्या मधून कात्री चालवली होती. नव्या जोडणीत मध्ये तिसराच तुकडा येऊन बसला होता. दोन ठिकाणचे आकडे एकदम आले की काम नेमकं त्या वाटेनं जायचं आणि परक्या घरात शिरायचं.

साहेबांच्या खोलीत जाऊन कबूल करायचं म्हणून मी उठले, तर काका माझ्या आधी आत गेले होते. "सायेब, चूक घावली. आमची हाय."

"माझी आहे," मी म्हणाले.

साहेबांनी ती पट्टी हातात घेऊन बराच वेळ बघितली. मग चष्मा काढला. "तसं मीच लिहिलं होतं. परत फिरायचा एक शब्द वाचवायला."

काका म्हणाले, "इतकी वर्सं शेजारी होते म्हणून भागत होतं. शेजार हलला तवा कळलं, कोण कुणाच्या आधारानं हुबं हाय त्ये."

एक शब्द वाढवला. यंत्र मग थांबलं नाही.

श्रावणात आम्ही दोघं तपासणीला उंब्रजला होतो. ऊन-पावसाचा खेळ चालला होता, रस्त्यावर तर लख्ख ऊन. दुपारी बाराच्या सुमाराला घंटा वाजली आणि टंकयंत्रानं धाकट्या नदीचा आकडा छापला. घाटात मोठा पाऊस झाला होता. मी पोलीस चौकीला फोन लावला. काकांनी फोनची वाट बघितली नाही, ते सायकल काढून वस्तीकडं गेले. फोन संपवून मी पोचले तेव्हा माणसं गुरं सोडत होती आणि एक म्हातारी उंबऱ्यातून हलत नव्हती.

"आवं, ऊन पडलंय की. पूर कुठला आणताय?"

"मावशी, वर घाटात पडलाय. तासाभरात हितं येतोय."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"आमचा माणूस हाय तिथं," काका म्हणाले आणि तिचं गाठोडं त्यांनी डोक्यावर घेतलं. तीही मग कोंबडी काखेत मारून निघाली.

दीड वाजता त्या उंबऱ्यावरून पाणी आत गेलं. आत कुणी नव्हतं. आम्ही चिखलानं भरलेले ठाण्यावर परतलो. काका यंत्राजवळ गेले, टंकयंत्रातला कागद फाडून त्यांनी वेळ वाचली. "येळेत आला," एवढंच म्हणाले आणि पाठ फिरवून खिडकीशी उभे राहिले. मी बाहेर जाऊन हातपाय धुण्यात मुद्दाम वेळ काढला.

पुढं दोन वर्षांनी मी बंगलोरला गेले. तिथल्या यंत्रांना जागा भरपूर होती. आपल्या प्रोग्रामात काय काय निष्कारण शिरलंय हे कुणी विचारत नव्हतं, आणि मी विचारलं की सहकारी हसायचे. अशा वेळी मला सांगलीची ती फरशी आठवायची. काकाही नोकरी सोडून आष्ट्याला शेतावर राहायला गेले. वर्षातून एक पोस्टकार्ड यायचं, ठरलेल्या मजकुराचं. गुऱ्हाळ सुरू झालंय, रस प्यायला या. मी उलट टपाली लिहायची, यंदा बघते. काम असायचं, मग संसार, मग मूल. मला खरंच जायचं होतं. दर वर्षी जायचं होतं.

एका वर्षी कार्डावर अक्षर वेगळं होतं. काकांच्या मुलीनं, शालननं लिहिलं होतं. काका गेले होते. झोपेतच, त्रास न होता.

मग मी आष्ट्याला गेले. हंगाम संपला होता, चुलाण गार पडलं होतं, चिपाडाचा ढीग तेवढा शिल्लक होता. शालन गावातल्या शाळेत शिक्षिका आहे. तिनं चहा दिला, गुळाची एक ढेप फडक्यात बांधून दिली. मग म्हणाली, "पत्र आलं की आबा गुऱ्हाळ चालू असेपर्यंत रोज दुपारच्या सांगलीहून येणाऱ्या गाडीला स्टँडवर जाऊन बसायचे. मी म्हणायची, आबा, त्यांनी 'बघते' लिहिलंय, 'येते' न्हाई लिहिलं. तर म्हणायचे, ती बघते म्हणली म्हंजी बघणार. मी तिचं काम बघितलंय."

परतीच्या गाडीसाठी मी स्टँडवर आले. तिथं तीन बाकं होती. काका कुठल्या बाकावर बसत, हे शालनला विचारायचं राहून गेलं होतं. सांगलीची गाडी आली, माणसं चढली. ती मी जाऊ दिली.