आधी हवेत चालव

मी चौथी शिकलेला माणूस. पण बजाजनगरातल्या माझ्या शेडमध्ये सीएनसी मशीनवर जे लोखंडी बुश आणि पिना निघतात, त्यांचे सगळे प्रोग्राम मी स्वतः एकेक आकडा ठोकून बसवलेत. अठरा वर्षांचं काम. ते सगळं एका काळ्या डबीत, म्हणजे हार्ड डिस्कमध्ये होतं. दुसरीकडं कुठंच नव्हतं. पोरगा कितीदा म्हणाला, कॉपी करून ठेवा. मी म्हणायचो, माझ्या डबीला काय धाड भरलीय?

यंदा उन्हाळ्यात डबी टकटक करायला लागली. मशीन मरायच्या आधी कसा आवाज देतं ते मला कळतं.

सून कंपनीत कॉम्प्युटरवरच असते. रविवारी ती लॅपटॉप आणि तशीच काळी नवी डबी घेऊन शेडवर आली. दोन्हींवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, जुनी आणि नवी, आणि चहा सांगायला गेली. टेबलावर धूळ मला खपत नाय. मी डिझेलच्या चिंधीनं दोन्ही डब्या पुसल्या, तर पट्ट्या हातात आल्या. कुठली कुठं होती ते मला पक्कं ठाऊक होतं. दिल्या परत चिकटवून.

तिनं दोन्ही डब्या जोडल्या. पडदा काळा झाला. चित्र नाय, बटण नाय, नुसती अक्षरं. तिनं एक ओळ लिहिली.

"हे काय करणार?"

"जुनीत जे आहे ते हुबेहूब नवीत जाईल, आबा. नवीत काही जास्तीचं असलं तर पुसलं जाईल."

"थांब. आधी हवेत चालव."

आमच्यात नवा प्रोग्राम आधी हवेतच चालवतात. टूल जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, वर वीतभर धरायचं, सगळी चाल बघायची, मगच लोखंडाला लावायचं.

"आबा, ही काय मशीन आहे का? लई हट्टी हो तुम्ही."

"व्हय. म्हणून तर दहाही बोटं शाबूत आहेत."

ती हसली. म्हणाली, तशी सोय हिच्यातही आहे. काय करणार ते नुसतं सांगेल, हात लावणार नाय. तिनं एक शब्द वाढवला आणि ओळी धावायला लागल्या. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी एकच शब्द. मला इंग्रजी येत नाय, पण ती अक्षरं माझ्या मशीनवरच्या डिलीटच्या बटणावर आहेत, ज्याच्यावर मी पत्र्याची झडप बसवलीय. आणि पुढं माझ्याच बुशांची नावं.

"पोरी, हे माझं काम पुसतंय का गं?"

तिचा चेहरा उतरला. "उलटं झालंय. रिकामी डबी भरलेलीवर चालली होती. पण पट्ट्या तर मीच..."

गप्प बसलो असतो तरी चाललं असतं.

"पट्ट्या निघाल्या होत्या. परत मी चिकटवल्या."

"शेडमधल्या कुणी असं केलं असतं तर?"

"हाकलला असता."

"मग आता?"

"आता चहा मी आणतो."

चहा घेऊन आलो तर तिनं ओळ सुलटी करून ठेवली होती, पण एंटर दाबलं नव्हतं. "बसा आबा. परत आधी हवेतच." या वेळी सगळी नावं नवीकडं निघाली. मग खरंखुरं चालवलं. टकटकणारी डबी दुपारपर्यंत तग धरून राहिली.

सोमवारी नव्या डबीतून पहिला बुश काढला. मायक्रोमीटर लावला. बरोबर. मी स्टुलावर बसलो आणि कितीतरी दिवसांनी छातीभर श्वास घेतला.

पट्ट्या आता पत्र्याच्या आहेत, पंचानं अक्षरं ठोकलेल्या. कुठल्या डबीवर कुठली बसवायची ते मात्र सुनेनं सांगितलं.