ग्रॅनाडातली कॉइल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नीताला तर नाहीच, आणि ती माझी बायको आहे. क्युपर्टिनोच्या या घरात आम्ही रोज सकाळी समोरासमोर बसून चहा पितो. तुम्हाला तरी का सांगतोय? माहीत नाही.

२००६ साली आम्ही स्पेन फिरलो. अण्णा, म्हणजे माझे सासरे, पुण्याहून थेट माद्रिदला आले आणि आम्ही दोघं सॅन फ्रान्सिस्कोहून. आधी स्पेन, मग उन्हाळाभर अण्णा आमच्याकडे, असा बेत होता. सासूबाई गेल्यापासून ते एकटे राहायचे. पहाटे उठून स्वतःचा चहा स्वतः करायचे, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

काय दिवस होते ते. टोलेडोच्या चढावर ते माझ्या पुढे चालत होते. सेव्हिलला रस्त्याकडेच्या झाडाचं संत्रं त्यांनी तोडून खाल्लं, कडूजहर निघालं, तरी चेहरा न हलवता अर्धं माझ्या हातात दिलं. बार्सिलोनातली माणसं वेगळी, भाषा वेगळी. खाली दक्षिणेत आलो की घरं पांढरी आणि दुपारभर सगळं बंद. अण्णा पाटबंधारे खात्यातले इंजिनिअर. ग्रॅनाडाच्या राजवाड्यात लोक नक्षी बघत होते आणि हे वाकून पाण्याचे पाट बघत होते. एवढ्या टेकडीवर पाणी चढवलं कसं, हे त्यांनी मला हातवारे करून समजावलं. मला अजून पाठ आहे.

पण माझ्या मनात एक काटा होता. मी बारावी शिकलेला. इथे एका देसी दुकानात तांदळाची पोती उचलण्यापासून सुरुवात केली आणि स्वतःची दोन दुकानं उभी केली. अण्णा थोरल्या जावयाची ओळख त्याच्या डिग्रीसकट करून द्यायचे. माझी वेळ आली की म्हणायचे, "आणि हेही जावईच, अमेरिकेत असतात." हेही. बारा वर्षं मी तो शब्द चघळत होतो. स्पेनमध्ये मी कुठे घासाघीस करायला लागलो की ते दोन पावलं लांब जाऊन दुसरीकडे बघायचे. ग्रॅनाडाच्या बोळात मी एक पट्टा निम्म्या भावात घेतला, तर नीताला म्हणाले, "चला, मंडईत आलो आपण." मला ऐकू जाईल असं.

हॉटेलात आम्ही तिघं एकाच खोलीत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आंघोळीला गेले. नीता खाली अंगणात फोटो काढत होती. मी चहासाठी प्लास्टिकच्या मगात पाणी घेऊन ते तापवायची कॉइल लावली—हो, मी. तेवढ्यात दाराखालून सरकवलेल्या बिलात नाश्त्याचे पैसे लावलेले दिसले. माझं डोकं फिरलं आणि तसाच खाली मॅनेजरशी भांडायला गेलो.

भांडण रंगात आलं होतं तेव्हा अलार्म वाजला. सगळं हॉटेल अंगणात जमलं. अण्णा खांद्यावर टॉवेल टाकून आले, कानामागे साबण तसाच. मॅनेजरने वितळलेला मग आणून टेबलावर ठेवला. नीताने आधी माझ्याकडे बघितलं. "कॉइल तू लावली होतीस?"

"मी तर इथे खाली होतो," मी म्हणालो. एवढ्यावर थांबता आलं असतं—नाही का? "अण्णांना लागतो ना सकाळी चहा."

अण्णांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मी? लावली असेन. लावली असेन आणि विसरलो असेन."

मॅनेजर आम्हाला बाहेर काढायला निघाला होता. मी गोड बोलून, थोडं दटावून मिटवलं. ते मला जमतंच.

क्युपर्टिनोत आल्यावर नीताने शेगडीची बटणं काढून आपल्या पर्समध्ये ठेवली. अण्णा पहाटे उठायचे आणि ती उठेपर्यंत टेबलाशी नुसते बसून राहायचे. नळ दोनदा बघायचे. मला विचारायचे, "मी दार लावलं ना हो?" नीता आणि तिची थोरली बहीण यांचे फोन झाले आणि ठरलं, की आता पुण्याचं घर बंद, अण्णांनी ठाण्याला बहिणीकडे राहायचं. आयुष्यभर सगळ्यांशी वाद घातलेला माणूस नुसतं "बरं" म्हणाला.

एका वाक्याचं काम होतं. रोज सकाळी ते समोर बसलेले असायचे. मी का नाही बोललो? रागामुळे? राग केव्हाच गेला होता. खरं सांगतो—मला ते आवडत होतं. ते मला विचारत होते. पहिल्यांदाच माझ्या शब्दावर विसंबत होते.

दोन वर्षांनी ठाण्यातच वारले ते. पुण्याचं घर पुन्हा उघडलं नाही.

त्या उन्हाळ्याच्या शेवटी ते इथून परत निघाले, तेव्हा मी त्यांना एअरपोर्टवर सोडायला गेलो होतो. नीता गाडी लावत होती. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, "ग्रॅनाडाला त्या माणसापुढे तुम्ही मला सांभाळून घेतलंत. माणसं कशी हाताळावीत ते तुमच्याकडून शिकावं. मी कधी बोललो नाही."

बारा वर्षं वाट पाहिली होती मी या शब्दांची.

"त्यात काय, अण्णा," मी म्हणालो, आणि त्यांची बॅग उचलली.