रामोजीची वांगी

ज्याच्यावरच्या अन्यायाविरुद्ध तुम्ही पत्रकं वाटलीत, तो माणूस बहुधा जन्मालाच आला नव्हता असं कळलं, तर तुम्ही काय कराल?

मी आधी चिडले.

तंजावरमधल्या एका छोट्या खासगी संग्रहात मी कॉन्ट्रॅक्टवर मोडी कागदांची सूची करते. मोडी म्हणजे जुन्या मराठी दफ्तरांची लिपी. आधी आडवी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात मला सहा हुकूम सापडले. मजकूर एकच: रामोजीने वांगी वेळेवर पाठवली नाहीत, सबब त्यास बांधून आणावे. तारीखही एकच. एका टोपलीसाठी एका दिवसात सहा हुकूम! मी मुख्य पॅनेल बनवलं, ‘वांग्यांचा जुलूम’. शिवाय तमिळमध्ये दोनशे पत्रकं छापली आणि चाळीस जवळच्या पापनाशम गावाच्या बसमध्ये वाटलीसुद्धा.

मला मोडी शिकवणारे निवृत्त प्राध्यापक वेंकटराव सर पत्रक शेवटपर्यंत वाचून म्हणाले, “भाषा झकास आहे, अम्मा. रक्त उसळतं.”

“थँक्स, सर.”

“पहिल्या हुकमात ओळी उताराला लागल्यात. सहाव्यात सरळ. कारकून एका दिवसात सुधारला?”

त्यांनी सहावा कागद उलटला. मागे दुसऱ्याच्या हातचं लिहिलेलं: ‘बरे. अजून एकदा लिहिणे.’

हुकूम नव्हताच तो. कित्ता होता. कारकुनी शिकणाऱ्या कोणीतरी गिरवलेला.

“माझ्या पहिल्या पेपरात मी धोब्याच्या यादीला तह म्हटलं होतं,” सर म्हणाले. “वीस पानं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

“मग?”

“मग दुरुस्ती वाचली. तेव्हा टाळ्या नव्हत्या. डायरेक्टर मॅडमना मी सांगू, की तू सांगतेस?”

“मीच सांगते.” कॉन्ट्रॅक्ट त्याच महिन्यात संपत होतं.

डायरेक्टर मॅडमनी सगळं ऐकलं. “म्हणजे जुलूम झालाच नाही?”

“विद्यार्थ्यावर झाला, मॅडम,” सर म्हणाले. “सहा वेळा.”

मॅडम हसल्या नाहीत. “पॅनेल बदला. पत्रकं तुम्ही निस्तरा. कॉन्ट्रॅक्टचं नंतर बघू.”

उरलेल्या पत्रकांची मागची बाजू कोरी होती. तिथे आम्ही दुरुस्ती छापली. चूक जिथे वाटली तिथेच दुरुस्ती वाटायची, हा सरांचा नियम. ते स्वतः त्या बसमध्ये माझ्यासोबत उभे राहिले. कंडक्टरने मला ओळखलं.

“अम्मा, त्या वांगीवाल्याचं काय झालं? सोडलं का?”

मी तोंड उघडण्याआधीच सर म्हणाले, “सोडलं.”

पुढच्या सीटवरची आजी हुश्श करून म्हणाली, “बरं झालं. वांग्यांसाठी कोणी बांधतं का माणसाला?” आणि दुरुस्ती न वाचताच तिने त्यात फुलं गुंडाळली.

कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांनी वाढलं. दर कागदाला एक महिना, असं सर म्हणतात. मी एवढंच शिकले की आपला राग खरा असला म्हणून कागद खरा ठरत नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं. घरातल्या पेटीच्या तळाशी कोणालाच वाचता न येणारे कागद असतील, तर रद्दीत घालू नका. मोडी जाणणाऱ्या कोणाकडे तरी न्या. राजांचे हुकूम आमच्याकडे पुष्कळ आहेत. शिकणाऱ्याचे असे कागद मात्र हे सहाच. वाकड्या ओळींचे आधी काढा.